यादीतला पहिला आवाज

२०३७ सालच्या फेब्रुवारीत चारुता शिराळकरच्या डाव्या कानात भुंगा अडकल्यासारखी गुणगुण सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत तिचे दोन्ही कान गेले. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी तिच्याच आतल्या कानावर उलटल्या होत्या. औषधांनी आजार थांबला, पण गेलेलं परत आलं नाही. गेली तीस वर्षं ती नाटकांचं ध्वनिसंयोजन करत होती. दाराची करकर, लांबून येणारी आगगाडी, शेजारच्या घरात पडलेलं भांडं, असे हजारो आवाज तिनं सांगली-कोल्हापूरच्या रंगमंचांवर वाजवले होते. तिला येत होतं ते काम फक्त कानाचंच.

नवरा सुहास आदल्या वर्षी हृदयविकारानं गेला होता. मूल नव्हतं. विश्रामबागेतल्या तीन खोल्यांत ती एकटीच राहायची.

समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारा चष्मा तिनं घेऊन पाहिला. भाजीवाला, बँकेतली बाई, शेजारच्या काकू, सगळ्यांचं बोलणं एकाच टाइपात भिंगावर उमटायचं. कुणी हसलं तर कंसात 'हशा' असं यायचं. नाटकाची संहिता वाचावी तसं ती माणसांना वाचू लागली, आणि पाच-सहा महिन्यांत तिनं माणसांकडे जाणंच कमी केलं.

पुण्याच्या एका रुग्णालयात नव्या प्रकारचं श्रवणयंत्र बसवतात हे तिला कळलं ते तिच्या दिराकडून. मकरंद सुहासपेक्षा चार वर्षांनी धाकटा. पाटबंधारे खात्यात अभियंता होता, निवृत्त होऊन मिरजेला एकटाच राहायचा. लग्न केलं नव्हतं. लहानपणापासून तो अडखळत बोलायचा. 'प' आणि 'म' ही अक्षरं तर त्याला हमखास अडवायची, म्हणजे स्वतःचं नाव सांगणंही कष्टाचं. त्यामुळे तो शक्यतो बोलायचाच नाही. त्यानं रुग्णालयाच्या माहितीची कागदपत्रं पाकिटात घालून पाठवली. सोबत दोनच ओळी होत्या. "वहिनी, हे वाचून बघा. सोबत कुणी हवं असेल तर मी येतो."

तो गेला सोबत. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर सात तास बसून राहिला.

*

यंत्र कसं चालतं ते डॉक्टर तस्नीम मुजावर यांनी तिला कागदावर आकृती काढून, लिहून समजावलं. त्या तिशीच्या होत्या आणि त्यांचं अक्षर डॉक्टरसारखं मुळीच नव्हतं.

कानाच्या नसेत हजारो तंतू असतात. आपण त्यात घालू शकतो ती विजेची वीसबावीस टोकं. जुनी यंत्रं बाहेरचा सगळा आवाज या वीसबावीस टोकांतून कोंबायला बघायची. खिडकीच्या गजांमधून गादी ओढून घ्यायला बघावं तसं. आत पोचायची ती नुसती खरखर. नवं यंत्र गादी ओढत बसत नाही. कानामागचा छोटा संगणक आधी ओळखतो, हा आवाज कशाचा? दाराचा की माणसाचा? माणसाचा असेल तर कुणाचा, आणि त्यानं कोणता उच्चार केला? मग त्या उच्चाराचा आधीच तयार करून ठेवलेला एक ठसा तो नसेला देतो. ठसा म्हणजे मेंदूला पक्की सवय झालेली विजेची एक छोटी नक्षी. मेंदू नक्षी ओळखतो आणि आपल्याला आवाज स्वच्छ ऐकू आल्यासारखा वाटतो.

'ऐकू आल्यासारखा?' चारुतानं कागदावर विचारलं.

'तसं तर आपलं सगळंच ऐकणं ऐकल्यासारखंच असतं,' तस्नीमनी लिहिलं.

ठसे असतात फाइलींमध्ये आणि फाइली असतात फोल्डरांमध्ये. त्यांची जोडणी दाखवणारा पडदा तस्नीमनी उघडला तेव्हा चारुताला तिच्याही नकळत हसू आलं. छोटे छोटे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर तिनं आयुष्यभर नाटकं बसवली त्याच घराण्यातलं हे काम होतं. वर एका चौकोनात आवाज शिरतो, तारांमधून खाली उतरतो, मधल्या चौकोनात त्याचं काहीतरी होतं, खालून बाहेर पडतो. चौकोनाला ठशाचं फक्त नाव माहीत असतं. ती फाइल कुठे आहे हे तो एका यादीत बघतो. यादी फोल्डरांची असते. तिला म्हणायचं सर्च पाथ. चौकोन यादी वरून खाली वाचतो, आणि त्या नावाची फाइल ज्या फोल्डरात पहिल्यांदा सापडेल तीच उचलतो. खाली त्याच नावाची दुसरी फाइल असली तरी तो तिथवर जातच नाही.

हे चारुताला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकदा इस्लामपूरच्या प्रयोगाला, नायिका देवळाच्या पायरीवर उभी असताना, देवळाच्या घंटेऐवजी सायकलची घंटी वाजली होती. दोन्ही फाइलींचं नाव 'घंटा' होतं आणि जुन्या बालनाट्याचा फोल्डर यादीत वर राहून गेला होता. पुढे वर्षभर लोक तिला सायकलवाली बाई म्हणत होते.

"तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं," असं लिहून तस्नीमनी तिला बदल करायची सगळी मुभा दिली. मग विचारलं, तुमच्या मेंदूला सगळ्यात जास्त सवयीचा आवाज कुणाचा? त्याची ध्वनिमुद्रणं आहेत का? सरावासाठी लागतील.

होती. चाळीस तासांची होती. नवीन माइक आणला की चारुता तो सुहाससमोर धरायची. तो भूगोलाचा मास्तर. हातात पडेल ते वाचायचा. पाठ्यपुस्तक, वाण्याची यादी, वर्तमानपत्रातली वधू पाहिजेची जाहिरात. घनगंभीर नाही, पण भरलेला आवाज. प्रत्येक वाक्याआधी जरा थांबून, मग सरळ शेवटपर्यंत जाणारा.

त्या चाळीस तासांतून यंत्रानं ठसे तयार केले. 'सुहास' नावाचा फोल्डर यादीत सगळ्यात वर गेला. सहा आठवडे सराव झाला की तो काढून टाकायचा, असं तस्नीमनी दोनदा बजावलं.

*

सहा आठवड्यांनी चारुताला बेल ऐकू येऊ लागली, कुकर ऐकू येऊ लागला. शेजारच्या काकूंचा आवाज यंत्राबरोबर आलेल्या तयार फोल्डरातून येत होता, म्हणून तो कुठल्यातरी निवेदिकेसारखा गुळगुळीत वाटायचा. पण शब्द कळत होते. तिनं चष्मा खणात टाकला.

मग एका गुरुवारी सकाळी मकरंद मिरजेहून आला. पिशवीत पेरू होते. दारातच तो म्हणाला, "वहिनी, कशा आहात?"

सुहास म्हणाला.

ती शेजारच्या खुर्चीवर बसली. पेरूची पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि घट्ट धरून ठेवली.

"काय झालं? बरं वाटत नाही का? तस्नीम डॉक्टरांना फोन करू?" सुहासच विचारत होता. तोच आवाज, वाक्याआधीचा तोच थांबा.

"नको. काही नाही. बसा, भाऊजी."

तो गेल्यावर तिनं पडदा उघडून नोंदी पाहिल्या. तासाभरात सगळं स्पष्ट झालं. यंत्र प्रत्येक ओळखीच्या आवाजाला एक क्रमांक देतं. सुहासच्या मुद्रणांना त्यानं सात क्रमांक दिला होता. दोघं सख्खे भाऊ, गळ्याची ठेवण एक, टाळूची ठेवण एक. यंत्राला मकरंदचा आवाजही सातच वाटला. सात क्रमांकाचा 'क', सात क्रमांकाचा 'श', असे ठसे शोधत ते यादीत गेलं आणि पहिल्याच फोल्डरात त्याला सगळे मिळाले. मकरंदचं अडखळणं, तीच तीच अक्षरं परत परत येणं, हे त्यानं खरखर समजून गाळलं होतं. शब्द पूर्ण झाला की तो सुहासच्या तोंडून नसेला देऊन टाकायचा.

उपायही स्पष्ट होता. 'सुहास' ही ओळ यादीतून काढायची, की झालं.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ निळी झाली. मग तिनं संगणक मिटला.

*

पुढच्या गुरुवारी तिनं मकरंदला जेवायला थांबवून घेतलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पेपर वाचून दाखवायला सांगितलं. "माझा सराव होतो," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

आधी तो संकोचला. कुणी त्याला मोठ्यानं वाचायला सांगितल्याला पन्नास वर्षं झाली असतील. पण वहिनी घाई करत नव्हत्या. बाकीचे लोक तो अडला की त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे, किंवा मान हलवून हलवून 'कळलं, कळलं' म्हणायचे. वहिनी खिडकीकडे तोंड करून बसायच्या आणि ऐकत राहायच्या. आपल्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्या बघत नाहीत, असं त्याला वाटलं.

चारुता बघत नव्हती ते वेगळ्या कारणानं. चेहरा मकरंदचा होता. तो दिसला की आवाज खोटा व्हायचा. खिडकीबाहेर बघितलं की सुहास खोलीत असायचा.

श्रावण संपेपर्यंत तो आठवड्यातून तीनदा येऊ लागला, नवरात्रात रोज. वर्तमानपत्र लवकर संपायचं. मग तो स्वतःचं बोलू लागला. धरणाच्या पोटात, भिंतीच्या आत एक लांब बोगदा असतो, तिथं भिंत किती पाझरते ते मोजायला तो अकरा वर्षं रोज उतरायचा. आत इतकी शांतता, की एक थेंब पडला तरी तो कुठल्या खांबापाशी पडला ते सांगता यायचं. तिथं तो मोठ्यानं बोलायचा. एकटाच. बोगद्यात त्याचं बोलणं अडायचं नाही.

"हे मी कुणालाच सांगितलं नाही," सुहासचा आवाज म्हणाला.

सुहास आयुष्यात कधी धरणाच्या पोटात गेला नव्हता. गेलेला माणूस तिला नवीन गोष्टी सांगत होता. आठवणीतला सुहास तेच तेच बोलायचा, हा रोज वेगळं काही बोलत होता. सकाळी उठल्यापासून ती बेलची वाट बघायची. साडी नीट नेसायची. आरशात बघताना तिच्या मनात यायचं, हे आपण कुणासाठी करतोय? तो प्रश्न ती तिथंच ठेवून स्वयंपाकघरात जायची.

सहा महिन्यांच्या तपासणीला तस्नीमनी यादी पाहिली आणि भुवया वर केल्या. "हे अजून इथंच?"

"राहू द्या. सवय झालीये."

"चारुतामावशी, सवय मोडायलाच सांगितलं होतं. यादीत वर मिळालं की यंत्र खाली बघत नाही. ते काही नवीन शिकत नाही. सात क्रमांकाला सध्या कुणाचा आवाज जातोय?"

"कुणाचा नाही."

तस्नीमनी नोंदी उघडल्या नाहीत. उघडायच्या झाल्या असत्या तर एक मिनिट लागलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "ज्याचा जात असेल त्याला सांगून टाका."

*

तिनं सांगितलं नाही. डिसेंबरातल्या एका दुपारी मकरंदनंच विषय काढला. जेवणं झाली होती. तो उठून खिडकीपाशी, तिच्या समोर येऊन उभा राहिला, त्यामुळे तिला त्याच्याकडे बघावंच लागलं.

"वहिनी, एक विचारायचंय. रागावू नका. मिरजेची जागा आता मला खायला उठते. तुमची वरची खोली रिकामी आहे. मी तिथं येऊ का राहायला? लोक काय म्हणतील त्याचा विचार केलाय मी. म्हणू देत. लग्नाबिग्नाचं म्हणत नाहीये." तो थांबला. "म्हणजे, तुम्ही म्हणालात तर तेही. पण ते महत्त्वाचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझं वाक्य पूर्ण करू दिलं. तुमच्यासारखं कुणी ऐकलं नाही मला."

हे सगळं सुहासच्या भरल्या, न अडखळणाऱ्या आवाजात आलं. आणि समोर मकरंदचा चेहरा होता. 'मिरज' म्हणताना त्याचे ओठ मिटलेलेच राहिले होते, मानेची शीर ताठ झाली होती, डोळे घट्ट मिटले होते. 'महत्त्वाचं' म्हणताना पुन्हा तसंच. त्या माणसानं हा एवढा मजकूर बोलायला केवढं ओझं उचललं होतं ते तिला दिसत होतं, आणि त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं.

हो म्हणावं, असं तिला वाटलं. नाकारायचं कशाला? रोज सकाळी वरच्या खोलीतून तो आवाज जिना उतरून येईल. कुणाला काय कळणार आहे?

"भाऊजी, बसा," ती म्हणाली. "मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

तिनं संगणक उघडला. यादी दाखवली. क्रमांक सात काय, सुहासची मुद्रणं काय, सगळं सांगितलं. तो अभियंता होता, दोनदा सांगावं लागलं नाही. त्यानं यादीतली पहिली ओळ वाचली.

"म्हणजे आत्ता मी बोलतोय ते..."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि मी अडखळतो ते?"

"ऐकू येत नाही. यंत्र गाळतं."

त्यानं मान हलवली. खूप वेळानं त्याचे ओठ हलायला लागले. ते किती तरी वेळ हलत होते, आणि मग तिला सुहासचा आवाज आला, शांत, सरळ, शेवटपर्यंत जाणारा.

"शाळेत हजेरीला माझं नाव आलं की शेजारच्या वर्गातून पळत येऊन दादा 'हजर' म्हणायचा. दुकानात तोच बोलायचा. माझ्या नोकरीच्या मुलाखतीला बाहेर बसलेल्या शिपायाशी तोच बोलला. आयुष्यभर माझ्या वतीनं दादा बोलला. मेल्यावरही तोच बोलतोय."

स्वतःला दादा म्हणणारा सुहास. चारुतानं दोन्ही हातांनी कान झाकले. त्याचा काही उपयोग नव्हता, आवाज कानातून येतच नव्हता.

मकरंदनं चप्पल घातली. दार ओढून घेऊन तो गेला.

*

संध्याकाळी दिवे लागायच्या आत तिनं ती ओळ यादीतून काढली. फाइली पुसल्या नाहीत, फक्त वाट काढून टाकली.

त्यानंतर तिनं सुहासचं एक जुनं मुद्रण लावून पाहिलं. सात क्रमांकाचा ठसा शोधत यंत्र उरलेली यादी वरून खाली उतरलं, तयार फोल्डरात फक्त बिनक्रमांकाच्या आवाजांचे ठसे होते म्हणून काहीच सापडलं नाही, आणि त्यानं कच्चा आवाज नसेला दिला. पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. त्यात कुठे स्वर, कुठे श्वास, काही कळेना. चाळीस तासांचा सुहास तिच्या टेबलावर होता आणि तिला त्याचा एक शब्द ऐकता येणार नव्हता.

तिनं तस्नीमना फोन केला.

"दोघांना वेगळं करता येईल," तस्नीम निवेदिकेच्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या दिरांनी सहा तास वाचून दिलं, की यंत्राला फरक कळेल. त्यांना वेगळा क्रमांक मिळेल. मग साहेबांचा फोल्डर बिनधास्त परत लावा. दोघंही ऐकू येतील."

चारुतानं मकरंदला निरोप लिहायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीशी थांबली. तुम्ही सहा तास वाचा, म्हणजे मला सुहास परत मिळेल. कसंही लिहिलं तरी त्याचा अर्थ हाच होत होता. तिनं निरोप खोडला.

तीन आठवडे कुणी आलं नाही. बेल वाजली ती दोनदा, एकदा गॅसवाला आणि एकदा चुकून. चष्म्याच्या दिवसांपेक्षा हे वाईट होतं. तेव्हा सगळंच गेलेलं होतं. आता कुकर, नळ, पंखा, दुचाकी, सगळं स्वच्छ येत होतं आणि त्यात कुणी नव्हतं. एकदा ती स्वतःशी मोठ्यानं बोलून पाहायला लागली. तिचा स्वतःचा आवाजही यंत्राच्या तयार फोल्डरातलाच होता. ती गप्प झाली.

चौथ्या गुरुवारी ती बसनं मिरजेला गेली. मकरंद तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्यानं दार उघडलं.

"ओळ काढलीये," ती म्हणाली. "आता तुमचा आवाज नुसती खरखर येतो. मला फार कळणार नाही. पण तुमचाच आहे तो."

त्यानं काहीतरी म्हटलं. खडी ओतली गेली.

"परत सांगा."

पुन्हा खडी. त्यानं खिशातून मोबाइल काढून लिहायला सुरुवात केली. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "लिहू नका. परत सांगा."

चौथ्यांदा तिला 'चहा' एवढा शब्द सापडला. या वेळी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

वाचून देण्याबद्दल तिनं एकदाच विचारलं, तेही सगळं खरं सांगून. सुहास परत येईल हेही सांगून. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर ती दर गुरुवारी जात राहिली. तासभर बसायची. तो थोडं बोलायचा, त्यातलं अर्धं तिला कळायचं. जे कळायचं नाही ते ती पुन्हा विचारायची, आणि कधी तो पुन्हा सांगायचा, कधी हात उडवून सोडून द्यायचा. काही गुरुवारी तो बोलायचाच नाही. मग दोघं चहा पिऊन गप्प बसायची आणि ती साडेपाचची बस पकडायची. ते सोपं नव्हतं. परतीच्या बसमध्ये कितीदा तरी तिला वाटलं, ती ओळ परत घालावी आणि त्याला सांगूच नये.

मार्च संपताना एका गुरुवारी तो नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल काहीतरी सांगत असताना तिच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. यंत्राचा संदेश होता. वर ठसे मिळत नाहीत म्हटल्यावर ते इतके दिवस मकरंदच्या बोलण्यातूनच, अडखळण्यासकट, थोडे थोडे गोळा करत होतं. नवीन आवाज सापडला आहे. क्रमांक बारा. नाव द्यायचं आहे का?

तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, मकरंद.

"का-का-काय झालं?" कुणीतरी विचारलं.

बारीक आवाज होता. थोडा नाकात जाणारा, कडा चिरलेला. सुहाससारखा मुळीच नव्हता. ती बहिरी होण्याआधी वीस-पंचवीस वर्षं हा आवाज तिनं सणावारी ऐकला होता आणि तो कसा आहे हे तिला जराही आठवत नव्हतं. ऐकलाच नसावा. तेव्हाही सुहासच बोलायचा.

"काही नाही," ती म्हणाली. "नळवाल्याचं सांगत होतात."

त्यानं सांगितलं. तीन मिनिटं लागली. नळवाल्याची गोष्ट काही विशेष नव्हती.

*

पुढच्या गुरुवारी ती पोचली तेव्हा त्यानं सगळ्यात आधी विचारलं, "दा... दादाला परत ला-लावलंत?"

"लावलं. आता तुमचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून लावता आलं. रविवारी दिवसभर ऐकलं."

"काय म्ह... म्ह... म्हणाला?"

"माझ्या माइकसमोर जे म्हणाला होता तेच." तिनं पेला खाली ठेवला. "पुढचं काही त्याच्याकडे नाही, भाऊजी. वर्षभर जे नवीन होतं ते सगळं तुमचं होतं."

तिनं पर्स जवळ ओढली, परत ठेवली, आणि बसमध्ये ठरवून आलेलं वाक्य बोलून टाकलं. "वरची खोली अजून रिकामीच आहे."

त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. ओठ मिटले, मानेची शीर ताठ झाली. ती बघत राहिली. तो काय म्हणणार हे तिला त्याच्या डोळ्यांतून कळलं होतं, तरी तिनं त्याच्या आधी ते म्हटलं नाही.

"न-नको, वहिनी. गु... गुरुवारच बरा."

"बरं," ती म्हणाली.

साडेपाचच्या बसला वेळ होत आला होता. ती निघाली. पहिल्या मजल्याच्या वळणावर, खालच्या दुकानाचं शटर कुणीतरी ओढत असताना, वरून कठड्यापाशी तो काहीतरी म्हणाला. शटरच्या आवाजात यंत्राला ते उचलता आलं नाही. नुसती खरखर आली.

चारुता थांबली. मग कठड्याला धरून दोन मजले पुन्हा चढून वर गेली. तिला धाप लागली होती. तो कठड्यापाशीच उभा होता.

"काय म्हणालात?"

"का-काही नाही," तो म्हणाला. "ज... ज... जपून जा, म्ह-म्हटलं."